रेडिओची रजा

मेट्रनबाईंना खोटं बोलता येत नसे. वृद्धाश्रम चालवणाऱ्या बाईला हा दोष परवडणारा नाही, पण एका माणसाने सगळेच गुण कुठून आणायचे? शिस्त त्यांच्याकडे होती, काटकसर होती, चादरीची सुरकुती बघून कुणाची पाठ सोलवटणार आहे हे सांगणारी नजर होती. फक्त खोटं बोलायची पाळी आली की मानेवर तांबडे चट्टे उठत आणि आवाज उगाचच आनंदी होई. म्हणून ते खातं त्यांनी रेडिओकडे सोपवलं होतं.

रेडिओ ही तिथली सगळ्यात जुनी मावशी. अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, घाण काढणं ही कामं करणाऱ्या बायकांना तिथे मावशी म्हणत. ही मात्र नुसती रेडिओ. सकाळी दारातून आधी तिचं तोंड आत यायचं आणि मागून ती. पाठीला पावडर लावताना, कवळी घासताना, ओली चादर अंगाखालून ओढून काढताना तिचं निवेदन चालूच असायचं. "आता डावा पाय उचलायचा आहे, साहेबांची परवानगी आहे का? नाही? बरं, मग अर्ज टाकते, तोवर उजवा उचलू." त्या नादात माणूस कुशीवर वळून मोकळा व्हायचा आणि दुखलं हे त्याला मागाहून आठवायचं. कामाला वाघ असलेल्या बायका पुष्कळ मिळतात. पण समोरच्याला लाज न वाटू देता त्याचा डायपर बदलणं ही वेगळी विद्या आहे, आणि ती शिकवणारा वर्ग अजून कुठे निघालेला नाही.

आता त्या खात्याविषयी.

पूर्वी आश्रमात कुणी गेलं की मेट्रनबाई सकाळी हॉलमध्ये उभ्या राहून तसं सांगायच्या. सांगायला क्षण लागायचा, निस्तरायला महिना. एकदा एक आजी गेल्या, तर शेजारच्या पलंगावरच्या आजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं ते परत वळवलंच नाही. डॉक्टर म्हणाले, "सांगता कशाला? या वयात बातमी सोसत नाही." डॉक्टरांचं काय जातंय! नाडी बघायची, सल्ला द्यायचा, गाडीत बसायचं. पण खरं सांगायचं नाही तर सांगायचं काय, हे काही ते बोलले नाहीत. पुढच्या खेपेला हॉलमध्ये कुणीतरी विचारलं, "त्या कोपऱ्यातला पलंग रिकामा कसा?" मेट्रनबाईंच्या मानेवर चट्टे उमटायच्या आत रेडिओ सूपचं पातेलं खाली ठेवत म्हणाली, "अहो, लेक येऊन घेऊन गेली की त्यांना! मी म्हटलं, थांबा, सगळ्यांचा निरोप तरी घ्या. तर लेक म्हणते, नको, उन्हाच्या आत पोचायचंय."

सगळ्यांनी सूप प्यायलं. मेट्रनबाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि तोच नियम करून टाकला.

त्या दिवसापासून आश्रमात कुणी मेलं नाही. मागच्या दाराशी गाडी लागायची, पडदे ओढले जायचे, गादी उन्हात पडायची, आणि नाश्त्याला रेडिओ बातमी द्यायची. टेलरकाकांना मुलाने नेलं. पोस्टमास्तरांना पुतण्याने नेलं. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नव्हतं, त्यांचीही पोरं रेडिओच्या तोंडून धावत यायला लागली.

पण मेलेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याचं पुढे काही होत नाही. मुलाकडे गेलेल्या माणसाचं तसं नसतं. त्याला तिथे झोप लागते का, सून नीट बोलते का, गुडघा काय म्हणतो, हे सगळं मागे राहिलेले विचारणारच. मग रेडिओने टेलरकाकांना गॅलरी दिली. पोस्टमास्तरांना नातू दिला, वर तो नातू बोबडा केला. एका आजींना सुनेशी भांडण दिलं आणि पुढच्या आठवड्यात मिटवून दिलं, कारण सगळंच गोड असलं की संशय येतो. कधी ती भर हॉलमध्ये मोबाइल कानाला लावायची. "हो हो काका, सांगते सगळ्यांना. औषध घेतलं का? खोटं नका बोलू हं माझ्याशी!" पलीकडे कुणी नसायचं. मेट्रनबाई दारातून बघायच्या, मनात म्हणायच्या, काय बाई आहे! खोट्याची जमा सगळ्या हॉलला मिळत होती; खर्च कुणाच्या नावावर पडतोय, हे त्यांनी बघितलं नाही. हिशेबी माणसं बहुधा जमेचीच बाजू नीट बघतात.

मग एक दिवस पावडर लावताना रेडिओ गप्प होती. पाठीच्या मालकाने, म्हणजे ड्रायव्हरआजोबांनी, तक्रार केली. उभा जन्म ट्रक चालवलेला माणूस, आता अर्धं अंग लुळं. "मेट्रन, आज स्टेशन लागत नाहीये."

"घसा बसलाय," रेडिओ म्हणाली.

घसा बसला होता तो बसलाच. ती काम करायची, पण हात नुसते हात झाले होते. आणि मग ते नाश्त्याचं झालं. गणिताच्या बाईंनी विचारलं, "टेलरकाकांचा काय निरोप?" या बाई म्हणजे मोठ्या शाळेतून निवृत्त झालेल्या; पाठ ताठ, आवाज ताठ, आणि कुणी चुकलं की अंगात उत्साह येणाऱ्या. रेडिओ म्हणाली, "मजेत आहेत. नातू बोबडं बोलतो ना, त्याला गोष्टी सांगत बसतात."

"नातू पोस्टमास्तरांचा," गणिताच्या बाई म्हणाल्या. "टेलरकाकांना गॅलरी."

रेडिओने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं पेपरात न शिकवलेला प्रश्न आल्यावर मुलगी बघते. आणि पातेलं तिथेच ठेवून निघून गेली.

मेट्रनबाईंना ती धुतलेल्या चादरींच्या खोलीत सापडली. चादरींच्या ढिगावर डोकं टेकून उभी होती.

"अगं, होतं असं. एवढ्या माणसांचं लक्षात ठेवायचं म्हणजे—"

"बाई, मी कुणाला कुठे ठेवलंय ते मला आठवत नाहीये." तिचा आवाज खरवडल्यासारखा येत होता. "आधी पाठ असायचं. आता घरी डोळा लागला की सगळे येतात. रडत नाहीत, रागावत नाहीत. नुसतं विचारतात, माझं पुढे काय? टेलरकाका तर टेप गळ्यात घालून येतात. मी त्यांना स्वतः पुसून, केस विंचरून गाडीत घातलंय हो. आणि दुसऱ्या दिवशी त्यांना गॅलरीत बसवलंय. मला त्यांच्यासाठी रडायला सवडच झाली नाही. रडणार कशी? ते मजेत आहेत ना!"

मेट्रनबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार होत्या? पडून पडून होणाऱ्या बेडसोरवर काय लावायचं तेवढं त्यांना येत होतं.

त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर घातलं. अध्यक्ष म्हणाले, हल्ली कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार केलाच पाहिजे, आणि एक समुपदेशक बाई पाठवल्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी सगळ्या मावश्यांना वर्तुळात बसवलं आणि डोळे मिटून खोल श्वास घ्यायला सांगितला. मावश्यांनी डोळे मिटले. त्यांतल्या निम्म्या, कामाच्या थकव्याने, तिथेच झोपल्या. बाकीच्या घंटी वाजली म्हणून उठून गेल्या. उरली एकटी रेडिओ. तिला समुपदेशक बाईंनी विचारलं, "तुमच्या मनात आत्ता काय आहे?" रेडिओ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुमची मान आखडलीय. उशी बदला." मग पाठीमागे जाऊन तिने त्यांची मान चोळून दिली. जाताना समुपदेशक बाईंनी मेट्रनबाईंना बाजूला घेतलं. "त्यांना इथून बाहेर काढा. काही दिवस पूर्ण रजा. इथलं नाव नाही, इथला फोन नाही. नाहीतर ही बाई मोडेल."

रजा ही तिथली दुर्मिळ वस्तू. अध्यक्षांची श्वासाला ना नव्हती, रजेला होती. "बदली माणूस कुठून आणायचं? पायंडा पडेल." मेट्रनबाई आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर हात आपटून बोलल्या, "मग मीच जाते, घ्या किल्ल्या." अध्यक्षांना किल्ल्यांची भीती वाटली. रजा मिळाली, तीही पगारी. मेट्रनबाईंनी स्वतः रेडिओला गाडीत बसवून गावाच्या दुसऱ्या टोकाला तिच्या थोरल्या बहिणीकडे सोडलं. बहीण विधवा, करारी, शिवणकामावर घर चालवणारी. तिने दारातच रेडिओचा मोबाइल काढून घेतला, बंद केला आणि शिलाई मशीनच्या खणात टाकला. "आता हिचा संबंध माझ्याशी," ती म्हणाली. "तुम्ही या आता."

परतताना मेट्रनबाईंना फार बरं वाटत होतं. एखादं काम आपण खरोखर नीट केलं असं वाटण्याचे दिवस त्या धंद्यात कमी येतात.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला गणिताच्या बाईंनी विचारलं, "रेडिओ कुठे आहे?"

मेट्रनबाई खूश झाल्या. कारण या वेळी खोटं बोलायचं नव्हतं. "रजेवर आहे. थकली होती बिचारी. बहिणीने घरी नेलंय."

"बहिणीने नेलं," गणिताच्या बाईंनी म्हटलं.

"हो ना. मी स्वतः सोडून आले."

"घर कसं आहे?"

"छान आहे हो. हवेशीर. मागे गॅलरी आहे. तिथे खुर्ची टाकून बसते, झोपते निवांत. मजेत आहे अगदी!"

चमचे एकेक करून खाली ठेवले गेले. कुणी आदळला नाही, कुणी ओरडलं नाही. ड्रायव्हरआजोबांनी चांगल्या हाताने तोंड पुसलं.

"गॅलरी मिळाली म्हणजे गेलीच," ते म्हणाले.

मेट्रनबाईंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा पायाखालची फरशी सरकली. म्हणजे यांना माहीत होतं? सगळ्यांचं? मग एवढी वर्षं ते टेलरकाकांचे निरोप, तो बोबडा नातू? माहीत होतं आणि नव्हतंही, असंच म्हणायचं. घरात उंदीर आहे हे माहीत असतं, पण दिसत नाही तोवर माणूस झोपतोच की.

"अहो, नाही! ती जिवंत आहे!" मेट्रनबाई म्हणाल्या, आणि घाईत आवाज आनंदी झाला. हाय रे दैवा! खरं बोलतानाही मानेवर चट्टे उठले.

"पोरगी होती अजून," ड्रायव्हरआजोबा म्हणाले. "आमच्यासारखी पिकली कुठे होती."

मग हॉलमध्ये रडणं सुरू झालं. मेट्रनबाईंनी पुष्कळ रडणी बघितली होती, पण असं नाही. कुणी हात धरून रडत होतं, कुणी वाटीत बघून. मध्येच एका आजींच्या तोंडून टेलरकाकांचं नाव निघालं, मग दुसऱ्याच्या तोंडून पोस्टमास्तरांचं. एवढ्या वर्षांत एकाही माणसासाठी त्यांना रडू दिलं नव्हतं. आता रेडिओच्या नावावर सगळी थकबाकी एकदम वसूल होत होती. आणि जिच्यासाठी चाललं होतं, ती गॅलरीत झोपली होती.

दुपारी जेवणं परत गेली. रात्रीची दूधं परत गेली. मेट्रनबाईंनी काय काय नाही केलं? रेडिओला सोडायला गेल्या तेव्हाचा फोटो मोबाइलवर दाखवला.

"टेलरचाही दाखवला होता," एक आजी म्हणाल्या. "सुनेबरोबरचा." त्यातला पाठमोरा म्हातारा रेडिओने कुठल्यातरी कॅलेंडरवरून काढला होता, हे मेट्रनबाईंना माहीत होतं.

"मी फोन लावते, बोला तिच्याशी." फोन अर्थातच बंद.

"लागला असता तरी काय!" ड्रायव्हरआजोबांनी डोळे मिटले. "फोन काय, तुमच्याकडे वरूनसुद्धा येतात."

समुपदेशक बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "त्यांच्या दुःखाला वाट करून द्या." मेट्रनबाई म्हणाल्या, "अहो, दुःख खोटं आहे." "दुःख खोटं नसतं," बाई म्हणाल्या. खरं होतं. पण त्याने ताटं रिकामी होत नाहीत.

ड्रायव्हरआजोबा तर कूसच बदलू देईनात. दुसरी मावशी हात लावायला गेली की म्हणायचे, "राहू दे, अशीच छान आहे." पाठ लाल होऊन चमकायला लागली होती. पुढे काय होतं ते मेट्रनबाईंनी आयुष्यभर बघितलं होतं.

शेवटी त्या गणिताच्या बाईंच्या खोलीत गेल्या आणि दार लावलं. हॉल या बाईंचं ऐकतो. यांना पटलं तर सगळ्यांना पटेल.

"तुम्हाला सगळं खरं सांगते," मेट्रनबाई म्हणाल्या. "टेलरकाका गेले. इथेच गेले, झोपेत. पोस्टमास्तर गेले. ज्यांना ज्यांना कुणी घरी नेलं म्हणून सांगितलं, ते सगळे गेले. तो नियम माझा होता. पण रेडिओ गेली नाही. ती जिवंत आहे. मुलांची शपथ घेऊन सांगते."

गणिताच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पाठ ताठच राहिली. त्यांनी मेट्रनबाईंचा हात हातात घेतला, वर्गातल्या मंद मुलाचा घ्यावा तसा.

"आज पहिल्यांदा खरं बोललात," त्या म्हणाल्या. "बरं वाटलं. आता तेवढं रेडिओचंही खरं सांगून टाका."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. मेट्रनबाई गाडी काढून निघाल्या. वाटेत त्यांनी स्वतःला बजावलं: तिला काही सांगायचं नाही. फक्त बहिणीला भेटायचं, बाजूला घ्यायचं आणि विचारायचं, काही मार्ग आहे का.

बहिणीने दार अर्धंच उघडलं.

"का आलात?"

"बघायला आले. कशी आहे?"

"झोपते. उठते, दोन घास खाते, पुन्हा झोपते. काल पहिल्यांदा माझ्यावर चिडली, चहात साखर कमी पडली म्हणून. मला इतका आनंद झाला, काय सांगू! तीन पाट्या उतरवल्यावर हमाल कसा बसून राहतो, तशी बसली आहे अजून. बोलत नाही फार. पण चेहरा उतरला होता तो वर येतोय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मेट्रनबाई, तुम्ही हात जोडायला आला असाल तर आत्ताच परत जा. धुणं वाळायच्या आत दोरीवरून ओढू नका."

"तसं काही नाही," मेट्रनबाई म्हणाल्या.

आतून आवाज आला, "बाई आल्यात का?"

रेडिओ मागच्या गॅलरीत होती. केस मोकळे, गालावर उशीची वळी. तिला बघून मेट्रनबाईंना ओशाळल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला बसलेलं क्वचितच बघितलं होतं.

"कसे आहेत सगळे?" रेडिओने विचारलं.

"मजेत आहेत सगळे!" मेट्रनबाई म्हणाल्या. "तू काही काळजी करू नकोस. छान जेवतात, छान झोपतात. कुणी तुझं नावही काढत नाही बघ!"

रेडिओ त्यांच्या मानेकडे बघत होती.

"बाई, तुम्हाला हे कधीच जमलं नाही," ती म्हणाली. रागाने नाही, जरा मायेनेच. "सगळे मजेत असं कधी सांगायचं नसतं. एकाची सर्दी सांगायची, एकाचा रुसवा सांगायचा. मग खरं वाटतं. कोण जेवत नाहीये?"

"कुणी नाही."

"ड्रायव्हरआजोबा?"

मेट्रनबाईंनी बहिणीकडे बघितलं. बहीण भिंतीला टेकून डोळे मिटून उभी होती.

"त्यांना वाटतंय," मेट्रनबाईंच्या तोंडून निघून गेलं, "तू गेलीस. मी बहिणीकडे म्हटलं, गॅलरी म्हटलं..." पुढचं सांगायची गरज नव्हती. त्या खोट्याचा कारखाना जिने उभा केला, तिला माल ओळखायला कितीसा वेळ लागणार? रेडिओच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं. खरंच आलं, एक क्षण जुनी रेडिओ दिसली. मग ते हसू तिथल्या तिथे वाळलं.

"माझ्यासाठी रडले?"

"सगळ्यांसाठी रडले. तुझ्या नावाने."

ती उठली. केस बांधले. चपला कुठे आहेत ते बघायला लागली.

"नको येऊस," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि त्या मनापासून म्हणत होत्या. "अगं, मी सांगायला नव्हते आले. मी काहीतरी करेन. तू बस."

"मग काय मेलेलीच राहू, बाई?"

चपला बहिणीने उचलून हातात धरल्या होत्या. "नाही देणार," ती म्हणाली. "हिला पायाला चटके बसू देत, पण नाही देणार." मग मेट्रनबाईंकडे वळली. "तुमच्या आश्रमात एक माणूस आजारी पडला तर बाकीची माणसं त्याला सांभाळतात. ही आजारी पडली तर? हिला बघून ते बरे होणार. हिने कुणाला बघून बरं व्हायचं?"

हाच प्रश्न अध्यक्षांना विचारला तर ते पायंडा म्हणाले असते, डॉक्टर गाडीत बसले असते, आणि समुपदेशक बाई श्वास घ्या म्हणाल्या असत्या.

"दारात उभी राहते, तोंड दाखवते, परत येते," रेडिओ म्हणाली. "ताई, तू पण चल. मला परत घेऊन यायला."

हे मात्र बहिणीला पटलं. तिने चपला खाली ठेवल्या. मेट्रनबाईंनीही वचन दिलं: फक्त तोंड दाखवायचं. एक शब्द बोलायचा नाही. बहीण गाडीतच बसून राहील, तिला तिथेच चहा पाठवायचा, आणि तो पिऊन व्हायच्या आत रेडिओ परत गाडीत.

हॉलमध्ये दिवे लागायची वेळ होती. रेडिओ दारात उभी राहिली. आधी एका आजींनी बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. मग खुर्च्या हलल्या, चाकं फिरली, काठ्या वाजल्या. ज्यांना चालता येत होतं ते आले, ज्यांना येत नव्हतं त्यांनी हात पुढे केले. कुणी तिचा गाल दाबून बघितला, कुणी दंड. एका आजोबांनी चक्क चिमटा काढला. ती कळवळली तेव्हा त्यांना खात्री पटली. ड्रायव्हरआजोबांचा पलंग दाराशी आणला होता. त्यांनी तिचं मनगट धरलं ते सोडेनात.

"आलीस," ते म्हणाले. "आम्ही तुला पोचवून आलो होतो गं."

रेडिओ काही बोलली नाही. ठरल्याप्रमाणे. मेट्रनबाईंनी तिच्या खांद्याला हात लावला. "चला, आता तिला जाऊ द्या. बघितलंत ना? खरंच बहिणीकडे होती."

"खरंच बहिणीकडे होती," ड्रायव्हरआजोबांनी म्हटलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उगवत होतं. ते मेट्रनबाईंना दिसलं, पण थांबवता आलं नाही. उतारावरची गाडी दिसते, पण थांबवता येत नाही, तसं. "म्हणजे गेलेलं माणूस परत येतं की. म्हणजे टेलरसुद्धा..." ते रेडिओचं मनगट हलवायला लागले. "अगं, मग टेलर खरंच मुलाकडे आहे! आम्ही उगाच त्याला मारून बसलो! त्याला पण एकदा आण ना भेटायला. तुझ्यासारखा. नुसता दारात उभा राहू दे."

"आणि पोस्टमास्तरांना," मागून कुणीतरी म्हणालं.

"माझ्या शेजारणीला पण गं. लेकीने सोडलं तर."

चारी बाजूंनी नावं यायला लागली. माणसं हसत होती. परवा ज्यांना रडून मोकळं केलं होतं, त्यांना एकेक करून पुन्हा जिवंत करत होती. गणिताच्या बाई एकट्या गप्प होत्या. त्यांना खरं सांगून झालं होतं. मेट्रनबाईंनी त्यांच्याकडे आशेने बघितलं. आता ही बाई बोलेल, नेहमीसारखी चूक दाखवेल, आणि जे काही व्हायचं ते एकदाचं होऊन जाईल. गणिताच्या बाईंनी मेट्रनबाईंच्या डोळ्यांत बघितलं. मग नजर काढून घेतली आणि आपली खुर्ची रेडिओच्या जवळ ओढली.

"टेलरकाकांचा काय निरोप?" त्यांनी विचारलं.

रेडिओने मेट्रनबाईंकडे बघितलं. ती परवानगी मागत नव्हती. नुसती बघत होती, पाण्यात उतरण्याआधी माणूस काठाकडे बघतो तसं. मेट्रनबाईंनी तिला धरून बाहेर न्यायला हवं होतं. तेवढ्याचसाठी त्या तिथे उभ्या होत्या. पण आजोबांच्या पलंगाशी सूपची वाटी आली होती, आणि रेडिओच्या हाताला धरून त्यांनी तोंड उघडलं होतं.

"टेलरकाका ना," रेडिओ म्हणाली. तिने घसा खाकरला. "त्यांना... सर्दी झालीय जरा. प्रवास झेपणार नाही म्हणाले. रुसलेत पण. तुम्ही त्यांना मेलेलं समजलात ना, म्हणून."

हॉल हसला. वाट्या उचलल्या गेल्या.

मेट्रनबाई बाहेर आल्या. फाटकाशी गाडीची काच खाली केलेली होती आणि बहीण रिकामा कप हातात धरून बसली होती. हॉलच्या उघड्या खिडकीतून आवाज तिथपर्यंत येत होता. शब्द कळत नव्हते, पण तो थांबत नव्हता, एवढं कळत होतं. मेट्रनबाई वाक्य जुळवत होत्या. ते जुळायच्या आत बहिणीने काच वर केली.